मालवणची बेटे आणि पुळणीवरचा दिवस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्रूझच्या सफरीत जहाज एखाद्या लहान बेटाजवळ थांबते, प्रवासी दिवसभर तिथल्या पुळणीवर उतरतात आणि संध्याकाळी जहाजावर परततात. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने 1977 साली बहामातील ग्रेट स्टिरप के हे बेट विकत घेतले आणि खासगी बेटाची ही प्रथा रुजत गेली. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरही बेटावर दिवस घालवता येतो. देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी असलेले 'त्सुनामी बेट', मालवणसमोरचे कुरटे बेट आणि वेंगुर्ल्यासमोरची जळकी बेटे ही त्यातली प्रमुख नावे. मात्र ही बेटे कोणाच्या मालकीची, ती कशी बनली आणि तिथे कधी जाता येते, याविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : मुंबई-गोवा क्रूझ मालवणच्या बेटांवर थांबते.

वस्तुस्थिती : मुंबईहून गोव्याला जाणारे क्रूझ जहाज खोल पाण्यातून मालवणला वळसा घालून पुढे जाते. मालवण बंदर उथळ असून त्याच्या तोंडाशी खडक आहेत, त्यामुळे तिथे मोठे जहाज धक्क्याला लागू शकत नाही. कोकणातील प्रवासी आगबोटींच्या काळातही बोट बाहेर नांगर टाकून उभी राहत असे आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर येत. आजही इथला बेटावरचा दिवस सुरू होतो तो देवबाग, तारकर्ली किंवा मालवणच्या जेटीवरून सुटणाऱ्या छोट्या होडीने. जहाज बाहेर उभे करून प्रवाशांना दिवसभर बेटावर उतरवण्याची पद्धत भारतात लक्षद्वीपमध्ये आहे. कोचीहून निघणाऱ्या 'समुद्रम्' सहलीत प्रवासी दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय या बेटांवर असतात आणि रात्री जहाजावर मुक्काम करतात.

गैरसमज : त्सुनामी बेट खासगी आहे. पैसे घेणाऱ्याचीच ती जागा.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार भरतीरेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ, तसेच नद्यांचे पात्र ही राज्य शासनाची मालमत्ता आहे. नदीमुखातील वाळूची पुळण भरतीरेषेखाली येते. पर्यटकाकडून घेतलेले पैसे होडीचे आणि जलक्रीडांचे असतात, वाळूवर पाय ठेवण्याचे नसतात. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखाली येतो, त्यामुळे तिथे कायमचे बांधकाम उभारण्यावर कडक बंधने आहेत. क्रूझ कंपन्यांची सगळी 'खासगी बेटे' तरी खासगी किंवा बेटे कुठे असतात? हैतीमधील लाबादी हे रॉयल कॅरिबियनचे ठिकाण भाडेपट्ट्याने घेतलेले असून ते मुळात मुख्य भूमीला जोडलेले भूशिर आहे.

गैरसमज : हे बेट 2004 च्या त्सुनामीने घडवले.

वस्तुस्थिती : 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीचा मोठा तडाखा भारताच्या पूर्व किनाऱ्याला, अंदमान-निकोबारला आणि केरळला बसला. महाराष्ट्रापर्यंत येईतो तिचा जोर ओसरला होता. एखाद्या लाटेने वाळू हलू शकते, पण नदीमुखात पुळण टिकवून धरण्याचे काम रोजच्या प्रवाहांचे असते. कर्ली नदी सह्याद्रीतून गाळ आणि वाळू आणते. समुद्राच्या लाटा आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह मुखाशी वाळू लोटतात. जिथे दोन्हींचा वेग मंदावतो तिथे ती साचते. म्हणूनच पावसाळ्यानंतर अशा पुळणीचा आकार आणि जागा बदललेली दिसते. देवबाग गावही समुद्र आणि कर्ली यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आहे, आणि तिथे किनाऱ्याची धूप हा रहिवाशांच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे.

गैरसमज : बेटावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत कधीही जावे.

वस्तुस्थिती : इथले वेळापत्रक समुद्र ठरवतो. या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि त्यांची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, असा कोकणात जुना स्थूल हिशेब आहे. चतुर्थीला ती 3 वाजता येते. हा हिशेब मुंबईला धरून आहे; मालवणकडे भरती मुंबईच्या काहीशी आधी होते, एवढी वजावट धरावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. तेव्हा सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पुळण खूप उघडी पडते आणि भरतीला पाणी तितकेच वर चढते. अष्टमीच्या आसपास भांग असते आणि फरक कमी राहतो. सुकती सुरू असताना नदीचे आणि भरतीचे पाणी एकदम अरुंद मुखातून समुद्राकडे धावते. त्या वेळी संगमाजवळ कमरेएवढे पाणीही माणसाला ओढून नेऊ शकते.

गैरसमज : पावसाळी बंदी येईपर्यंत समुद्र सुरक्षित असतो.

वस्तुस्थिती : मे अखेरीपासून साधारण ऑगस्ट अखेरीपर्यंत प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. पण नैर्ऋत्येचे वारे आणि उंच लाटा त्याआधीही येऊ शकतात. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. किनारा हाकेच्या अंतरावर असला तरी होडीत पाऊल टाकण्यापूर्वीच लाइफ जॅकेट अंगात असले पाहिजे, आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली होडी नाकारली पाहिजे.

गैरसमज : बेट म्हणजे फक्त वाळू. तिथे जपण्यासारखे काही नाही.

वस्तुस्थिती : कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 ते 1667 या काळात सिंधुदुर्ग किल्ला बांधला. चारी बाजूंनी खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींचे पाणी गोडे आहे. या किल्ल्याच्या परिसरात 1987 साली मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर असून हा किल्ला आणि शेजारच्या पद्मगड या छोट्या किल्ल्याभोवतीचा सुमारे 3 चौरस किलोमीटरचा भाग गाभाक्षेत्र आहे. इथल्या खडकांवर जिवंत प्रवाळे आहेत. त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, त्यामुळे त्यांचा तुकडा उचलून नेणे गुन्हा ठरतो. त्यांच्यावर उभे राहिल्याने किंवा नांगर पडल्याने वर्षानुवर्षांची वाढ मोडते. वेंगुर्ल्यासमोरच्या जळक्या बेटांवर दीपगृह आहे आणि तिथल्या गुहांत भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. विणीच्या काळात माणसांचा वावर आणि गोंगाट त्यांच्या मुळावर येतो.