करवत मशीनचे ऑइल सील : भाग लहान, नुकसान मोठे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि आंबा, नारळ, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी रस्ता आणि बाग मोकळी करायला पेट्रोलवरच्या चेनसॉचा, म्हणजे करवत मशीनचा, मोठा आधार असतो. पण ऐन गरजेला मशीनच बसले तर?

मशीन तापले की रेस आपोआप वाढते, बोट काढले तरी स्लोवर येत नाही, स्क्रू फिरवून ट्यूनिंग बसवले तरी दुसऱ्या दिवशी तीच रड. पुष्कळजण याचा दोष कार्ब्युरेटरला देतात. रोग मात्र अनेकदा ऑइल सीलमध्ये असतो.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-ऑइलचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढले जाते. क्रँकशाफ्टची दोन टोके तिथून बाहेर येतात, एकीकडे फ्लायव्हील, दुसरीकडे क्लच. दोन्हीकडे एकेक रबरी सील असते. वापराने व उष्णतेने ते कडक होते, त्याची कड झिजते आणि बाहेरची हवा आत शिरते. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आणि त्याच्याबरोबर येणारे वंगणही. मग पिस्टनवर ओरखडे पडतात व शेवटी इंजिन जाम होते. सीलच्या मानाने पिस्टन-सिलिंडरचा खर्च कितीतरी पट असतो.

आधी मिस्त्रीकडून क्रँककेसची व्हॅक्यूम तपासणी करून घ्यावी. कार्ब्युरेटरमागचा रबरी पाइप फाटला तरी हीच लक्षणे दिसतात.

सील बदलताना प्लग काढून सिलिंडरमध्ये जाड दोरी घालून पिस्टन अडवावा, लोखंडी वस्तू घालू नये. क्लचचे आटे बहुतेक मशीनवर उलटे असतात, म्हणून जोर लावण्यापूर्वी त्यावरचा बाण पाहावा. जुने सील काढताना शाफ्टवर चरा पडू देऊ नये. नवे सील त्याच मापाचे घ्यावे, कडेला ऑइल लावावे, स्प्रिंगची बाजू आत ठेवून योग्य व्यासाच्या पाइपच्या तुकड्याने सरळ ठोकून बसवावे. दोन्ही सील एकदमच बदलावीत. नंतर कार्ब्युरेटर पुन्हा सेट करावा. काही मशीनमध्ये सीलसाठी इंजिन पूर्ण उघडावे लागते. ते काम मिस्त्रीकडेच द्यावे.

मिश्रण पुस्तिकेप्रमाणेच करावे. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते ओलावा धरते. म्हणून मशीन महिनोन् महिने ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करावी.

ज्या ग्रामपंचायतींकडे असे मशीन आहे, तेथील सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मे महिन्यातच त्याची तपासणी करून घ्यावी. झाड रस्त्यावर पडल्यावर मिस्त्री शोधत फिरण्यात अर्थ नाही.