वर साग, खाली चिकणमाती: नदीच्या पायरीवरची माती कशी ओळखाल?

नदीकाठची जमीन म्हटली की आपल्याला ती सुपीकच वाटते. त्यात तिथे जंगल उभं असेल तर विचारायलाच नको. एवढी झाडं वाढली आहेत म्हणजे माती चांगलीच असणार, असं आपण धरून चालतो. या समजुतीवर अनेकांनी पैसे लावले आहेत, कुणी सागाची रोपं लावून, तर कुणी टुमदार फार्महाउस बांधून.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, नव्वदच्या दशकातल्या साग लागवडीच्या जाहिराती त्यांना आठवत असतील. आज थोडे हजार भरा, वीस वर्षांनी लखपती व्हा! अशा सामूहिक गुंतवणूक योजनांना लगाम घालायला सेबीने १९९९ मध्ये नियम केले, तोवर पुष्कळांचे हात पोळले होते. त्या जाहिरातींत झाडाची उंची असायची, लाकडाचा भाव असायचा. झाड ज्यात उभं राहणार त्या मातीबद्दल मात्र चकार शब्द नसायचा.

म्हणून आज त्या मातीबद्दलच बोलू. नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बैतूल या पट्ट्यात नद्या-नाल्यांच्या काठाने जी जंगलं आहेत, त्यांतल्या अनेक ठिकाणी पाचोळ्याच्या खाली जड, काळसर चिकणमाती आहे. ती दिसते एक आणि वागते वेगळीच.

आधी ही जागा समजून घ्या. नदीच्या पात्रातून काठावर चढलात की बरेचदा एक सपाट पट्टा लागतो, मग थोडा चढ, मग आणखी एक सपाट पट्टा. जणू घाटाच्या पायऱ्याच. यातली प्रत्येक पायरी म्हणजे नदीचं जुनं पूरमैदान. कधीकाळी नदी त्या उंचीवरून वाहत होती आणि पुराचा गाळ तिथे पसरवत होती. पुढे तिने आपलं पात्र खोल कापलं आणि जुनं मैदान वर राहिलं. सगळ्यात खालच्या पट्ट्यावर आजही पुरात ताजा गाळ येतो. वरच्या पायरीवर हजारो वर्षांत नदी फिरकलेली नसते.

नदीची पायरी किती जुनी असू शकते, याची कल्पना नेवाशावरून येते. प्रवरेच्या काठच्या या गावी डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केलं. तिथल्या नदीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली. म्हणजे काठावरची भिंत उतरताना आपण काळातही मागे जात असतो.

मातीच्या दृष्टीने या काळालाच महत्त्व आहे. ज्या जमिनीवर दर पावसाळ्यात नवा गाळ पडतो, तिथे मातीला घडायला सवडच मिळत नाही. वरच्या पायरीवर ती मिळते. पाऊस मातीतले बारीक कण हळूहळू खाली नेतो, चुना विरघळून खोल जाऊन पुन्हा साचतो, मुळं वाट काढतात, वाळवी माती वर-खाली करते. हजारो वर्षांनी तिथे एकजिनसी गाळ उरत नाही, वेगवेगळ्या स्वभावाचे थर तयार होतात.

अशा पायरीवर खड्डा खणला तर काय दिसतं? वर पाचोळा, त्याखाली वीतभर गडद तपकिरी, भुसभुशीत माती. हाताला छान लागते, वासही छान. आपण फसतो ते इथेच. वीत-दीड वीत खाली गेलं की फावडं अडतं. उन्हाळा असेल तर ही माती विटेसारखी कडक, पावसाळा असेल तर फावड्याला चिकटून सुटायचं नाव घेत नाही. आणखी खाली ढेकळांचे पृष्ठभाग तिरके, गुळगुळीत आणि चकचकीत दिसतात, जणू कुणी पॉलिश केले आहेत. मध्येमध्ये चुनखडीचे पांढुरके खडे. आणि तळाशी, नशीब असेल तर, नदीचे गोल गोटे. हे गोटे महत्त्वाचे. खाली मुरूम लागला तर माती तिथल्याच खडकापासून झाली असण्याची शक्यता जास्त, गोल गोटे लागले तर ती नदीने आणून टाकलेली.

ते चकचकीत पृष्ठभाग या मातीचा स्वभाव उघड करतात. दख्खनचा बेसाल्ट खडक झिजून जी चिकणमाती होते, तिच्यात स्मेक्टाइट नावाचं खनिज भरपूर असतं. याचे कण वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले. पाणी आलं की ते या पानांमध्ये शिरतं आणि वही फुगते. पाणी गेलं की वही मिटते. माती फुगताना जागा अपुरी पडते, मग ढेकळं एकमेकांवर घासत तिरकी सरकतात. चकाकी येते ती या घासण्यामुळे. उन्हाळ्यात हीच माती आकसते आणि भेगा पडतात, कधी हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या खोल. कोकणातल्या किंवा केरळातल्या लाल मातीत मुख्यतः केओलिनाइट हे खनिज असतं, ते असं फुगत नाही. म्हणून तिकडच्या वाचकांना हा सगळा प्रकार नवा वाटेल.

काळा रंग पाहून ‘हे सगळं सेंद्रिय खत’ असं मात्र समजू नका. काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा एक टक्क्याहूनही कमी असतो.

आता झाडांकडे वळू. सागाला खोल माती आवडते, नदीकाठही आवडतो, पण मुळांशी पाणी तुंबलेलं त्याला मुळीच चालत नाही. मुळांना हवा लागते. काळी चिकणमाती पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून घटाघटा पिते, पण एकदा फुगून भेगा मिटल्या की पाणी आत मुरायचा वेग अगदीच मंदावतो. पावसाळाभर मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात भेगा रुंदावताना बारीक मुळं तुटतात. आणि मातीत ओल असली तरी चिकणमाती ती इतकी घट्ट धरून ठेवते की झाडाच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो. म्हणून एकाच नाल्याच्या काठी गाळवट, निचऱ्याच्या पट्ट्यात साग सरळसोट उंच गेलेला दिसतो आणि शंभर पावलांवर जड मातीत तोच साग खुरटा, वाकडा.

तिथे मग दुसरी मंडळी बस्तान बसवतात. जड मातीला ऐन सागापेक्षा चांगला तोंड देतो. पळस आणि बाभूळ तर तिथे घरच्यासारखे राहतात. भारतातल्या जंगलांचं वर्गीकरण करणाऱ्या चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या ग्रंथात पळसाचं जंगल आणि बाभळीचं जंगल हे प्रकार मातीमुळे घडलेले म्हणून वेगळे नोंदवले आहेत. तेव्हा फाल्गुनात पळस फुलला की फोटो जरूर काढा, पण सपाट नदीकाठी तो दाटीने उभा असेल तर खालच्या मातीबद्दलही तो काही सांगतो आहे, हे ध्यानात असू द्या.

अशा जंगलात आणखी एक गंमत कधीकधी पाहायला मिळते. जमीन वरवर सपाट, पण नीट पाहिलं तर उथळ खळगे आणि उंचवटे आलटून पालटून. फुगण्या-आकसण्यानेच ही नक्षी उठते. तिला जगभर ‘गिलगाई’ म्हणतात. हा शब्द ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचा. शेतात नांगर फिरला की ती मोडून जाते.

या मातीला नाव काय द्यायचं? आपल्या लोकांनी ते कधीच देऊन ठेवलं आहे. नागपूरकडे काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी उतरती भाजणी. छत्तीसगडमध्ये जड काळी ती कन्हार, मधली डोरसा, पिवळसर हलकी मटासी, खडकाळ ती भाटा. बुंदेलखंडात मार आणि काबर. तेलुगूत रेगडी, त्यावरून इंग्रजीत गेलेलं रेगूर. कन्नडमध्ये एरे, तमिळमध्ये करिसल. तुम्ही देशात कुठेही राहत असलात तरी तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, त्याच्याकडे असा शब्द असेल. मला या शब्दांचं फार अप्रूप वाटतं, कारण त्यात रंगापेक्षा पाण्याचा विचार जास्त आहे: किती धरते, किती सोडते, कधी नांगरू देते.

शास्त्रज्ञांची नावंही तेच सांगतात, फक्त ती उच्चारताना जीभ अडखळते. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो या संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. नागपूरजवळच्या लिंगा या गावावरून एका काळ्या मातीला ‘लिंगा’ हे नाव मिळालं आहे. माती जिथे पहिल्यांदा नीट नोंदवली जाते त्या जागेवरून नाव द्यायचं, ही जगभरची रीत. तिचं पूर्ण शास्त्रीय नाव: व्हेरी फाइन, स्मेक्टिटिक, हायपरथर्मिक, टिपिक हॅप्लस्टर्ट.

घाबरू नका, शेवटापासून वाचा. ‘अर्ट’ म्हणजे व्हर्टिसॉल, उलथापालथ करणारी माती. ‘उस्ट’ हे लॅटिन ‘जळलेला’ या शब्दावरून. अशी माती कोरड्या हंगामात तापते आणि तिच्या भेगा वर्षात सगळे मिळून किमान ९० दिवस उघड्या असतात. ‘हॅपल’ म्हणजे साधी आणि ‘टिपिक’ म्हणजे त्या गटातली नमुनेदार. ‘हायपरथर्मिक’ म्हणजे अर्धा मीटर खोलीवर वर्षाचं सरासरी तापमान २२ अंश सेल्सिअस किंवा जास्त. स्मेक्टिटिक कळलंच. ‘व्हेरी फाइन’ म्हणजे १०० ग्रॅम मातीत ६० ग्रॅम किंवा अधिक निव्वळ चिकणकण, एक मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक.

आता अकोल्याकडच्या ‘पारळ’ मातीचं नाव पाहा. तिथे ‘टिपिक’च्या जागी ‘सोडिक’ आहे. सोडियम वाढलेली, म्हणून निचरा आणखी वाईट. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या एका शब्दामागचं दुःख वेगळं सांगायला नको.

जंगलातल्या नदीपायऱ्यांवर मात्र माती नेहमी इतकी सरळ निवाडा देत नाही. व्हर्टिसॉल ठरण्यासाठी वरच्या अर्ध्या मीटरभर किमान ३० टक्के चिकणकण हवेत, भेगा उघडायला-मिटायला हव्यात आणि मीटरभर खोलीच्या आत त्या चकचकीत पृष्ठांचा किमान २५ सेंटिमीटर जाडीचा थर हवा. वरची माती हलकी, आणि खाली चिकणकण वाहून जाऊन साचलेले असतील तर ती अल्फिसॉल. तसा साचलेला थर अजून स्पष्ट झालेला नसेल तर इन्सेप्टिसॉल. पण या दोन्हींच्या नावापुढे ‘व्हर्टिक’ लागलेलं असेल तर सावध व्हा. कुळ दुसरं असलं तरी फुगण्याचा गुण थोडा उतरलेला आहे, असा त्याचा अर्थ. अहवाल हातात पडला तर मी आधी हा एक शब्द शोधेन.

अहवाल नसेल तर हात आहेत. मुठीत मावेल एवढी माती घ्या, खडे काढा, पाणी घालून पोळीच्या कणकेसारखी मळा. अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढा. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर माती मध्यम किंवा हलकी. पाच सेंटिमीटरच्या पुढेही लोंबत राहिली तर ती जड चिकणमाती. मुलांना सोबत घ्या, त्यांना हे काम आपल्यापेक्षा चांगलं जमतं. दुसरी पद्धत: काचेच्या बाटलीत एक भाग माती, दोन-तीन भाग पाणी, खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर कारण चिकणकण. चुनखडी पाहायची तर मातीवर थोडं व्हिनेगर टाका, बुडबुडे आले की चुना आहे.

सगळ्यात बोलकी परीक्षा निचऱ्याची. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या सकाळीही तसंच उभं असेल, तर तिथे साग, आंबा किंवा संत्रं लावायचा बेत बदला. घर बांधणार असाल तर शोषखड्ड्याचाही. तो शोषणारच नाही.

घराच्या पायाचा प्रश्न तर आणखी गंभीर. ही माती पावसाळ्यात भिंत उचलते आणि उन्हाळ्यात सोडून देते. दारं अडकतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर कंद असलेले खांब विकसित केले. ओल-कोरडीचा खेळ जिथवर पोचतो त्या थराखाली हे खांब पाय रोवतात. इंजिनिअरला त्याबद्दल विचारा, आणि भिंतीला लागून मोठी झाडं लावू नका. तहानलेली मुळं पायाखालची माती आणखी आकसवतात.

‘आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे की,’ असं कुणी म्हणेल. २०१५ मध्ये सुरू झालेली ही योजना कामाची आहे, पण ती १२ गोष्टी तपासते: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. माती किती चिकण, किती खोल आणि पाणी किती सोडते, याची ओळ त्यात नाही. नमुनाही बहुधा वरच्या वीतभर थराचा, आणि नेमका तोच थर या जमिनीत गोड बोलतो.

म्हणून जमीन घेण्याआधी एक खड्डा खणून घ्या, दीड मीटर खोल, शक्यतो एप्रिल-मेमध्ये, जेव्हा भेगा उघड्या असतात. मालकाची परवानगी घ्या. राखीव जंगलात मात्र खणू नका, तिथे नाल्याने कापलेली दरड पुरेशी बोलते. काळ्या मातीच्या खड्ड्याच्या भिंती ओल्या झाल्या की ढासळतात, तेव्हा पावसानंतर आत उतरायचं नाही आणि एकट्याने तर कधीच नाही. जाताना सुरी, पाण्याची बाटली आणि मोजपट्टी न्या. आणि वरच्या वीतभर मातीवर खूश होऊन परत येऊ नका.