तिवरांना कायद्याचं कुंपण

खाडीकाठच्या चिखलातली तिवरं म्हणजे निरुपयोगी झुडपं, असं अनेकांना वाटतं. पण लाटांचा जोर तीच मोडतात, किनाऱ्याची माती धरून ठेवतात. कोळंबी, खेकडे, मासळीची पिल्लं त्यांच्याच मुळांच्या आडोशाला वाढतात. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रभर कांदळवनांच्या, म्हणजे तिवरांच्या जंगलांच्या, तोडीवर बंदी घातली. कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम करणं, राडारोडा टाकणंही निषिद्ध ठरलं. जमीन खासगी असली तरी सुटका नाही. अपवाद फक्त सार्वजनिक हिताच्या कामाचा, तोही न्यायालयाच्या परवानगीने. देखरेखीसाठी वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की झाडं उभ्या उभ्या सुकतात. कुऱ्हाड न लावता केलेली ही तोडच. दिसली तर तक्रार करा.