खिडकीला पट्ट्यांचे पडदे : घेताना काय पाहावे, विकताना काय सांगावे?

घराच्या खिडकीला कापडाचा पडदा, ही आपल्याकडची रूढ पद्धत. आम्ही कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवलेले, त्यामुळे पडद्याचे कापड किती लागेल हे खिडकीकडे पाहून सांगण्याची सवय जडलेली. पण आता गिऱ्हाईक पडद्याचे कापड पाहता पाहता मध्येच विचारते, "तुम्ही ब्लाइंड ठेवता का?" बहुतेक कापडवाले मान हलवून नाही म्हणतात, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढते. म्हणून ही चीज नेमकी काय आहे, कोणत्या घराला कोणती योग्य, आणि तिच्यात आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना काय काम आहे, याचा हिशेब येथे मांडत आहोत.

चीज नवी, कल्पना जुनी

आडव्या पट्ट्या एकाखाली एक दोरीत ओवायच्या, दोरी ओढली की त्या वर गोळा व्हाव्यात आणि काडी फिरवली की तिरप्या व्हाव्यात, एवढीच ही करामत. इंग्रज तिला व्हेनिस शहराच्या नावाने ओळखतात. लंडनमध्ये एका माणसाने १७६९ साली या वस्तूचे पेटंट घेतले होते. त्या काळी पट्ट्या लाकडाच्या असत. ॲल्युमिनियमच्या हलक्या पट्ट्या विसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू झाल्या आणि तेव्हापासून हा माल सामान्य घरात आला.

आपल्याला मात्र ही कल्पना परकी नाही. जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या खिडक्यांना लाकडी झिलमिली असे. बांबूच्या काड्यांची चिक आपल्या व्हरांड्यात लटकत असे. उर्दूत तिलाच चिलमन म्हणतात, आणि शायरांनी तिच्यावर शेर रचून ठेवले आहेत. आतल्याला बाहेरचे दिसावे, बाहेरच्याला आतले दिसू नये, आणि वारा अडू नये, ही चिलमनची खुबी. पट्ट्यांच्या ब्लाइंडचेही काम तेच आहे. फरक इतकाच की येथे उजेड किती घ्यायचा ते आपल्या हातात राहते.

कोणत्या खिडकीला कोणती पट्टी?

बाजारात मुख्य चार प्रकार आहेत.

पहिला ॲल्युमिनियमचा. पट्टी बहुधा २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच रुंद. पाण्याने सडत नाही, वाळवी लागत नाही, ओल्या फडक्याने पुसता येते. स्वयंपाकघराला आणि मोरीच्या खिडकीला हाच बरा. माल पाहताना एक पट्टी बोटाने हलकी वाकवून सोडावी. चांगली पट्टी पूर्ववत सरळ होते, हलकी पट्टी मुरगळलेलीच राहते. घरात लहान मुले असतील तर ही परीक्षा करूनच घ्यावे, कारण मुले दोन पट्ट्यांत बोटे घालून बाहेर डोकावणारच.

दुसरा खऱ्या लाकडाचा. पट्टी बहुधा ५० मिलिमीटर. दिसायला झोकदार, पण वजनदार आणि महाग. कोकणपट्टीत, मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत, पावसाळ्यात लाकूड वाकण्याची भीती असते. कोरड्या हवेच्या गावी, बैठकीच्या खोलीला शोभतो. पुसायला कोरडे फडके वापरावे.

तिसरा लाकडासारखा दिसणारा प्लास्टिकचा, म्हणजे पीव्हीसीचा. पाण्याची भीती नाही, दर लाकडापेक्षा कमी. पण वजन जास्त, आणि रुंद खिडकीवर भर उन्हात हलका माल मध्ये झोल खातो. खिडकी रुंद असेल तर एकाऐवजी दोन ब्लाइंड शेजारी शेजारी लावावेत.

चौथा उभ्या पट्ट्यांचा. या पट्ट्या बहुधा कापडाच्या, सुमारे चार इंच रुंद, खाली वजन घातलेल्या. गॅलरीच्या सरकत्या दारासाठी हा उत्तम, कारण तो वर न जाता बाजूला सरकतो. परंतु पंख्याच्या वाऱ्याने पट्ट्या एकमेकींवर आपटतात. खिडक्या सदा उघड्या ठेवणाऱ्या घराने याचा विचार करावा.

जे गिऱ्हाईक झोपण्याच्या खोलीत पूर्ण अंधार मागते, त्याला पट्ट्यांचा ब्लाइंड विकू नये. दोऱ्यांच्या भोकांतून आणि कडांतून उजेड येतोच. तेथे अस्तर लावलेला कापडी पडदाच खरा. आमच्या धंद्याची बाजू घेण्यासाठी हे म्हणत नाही, चीजेचा गुणच तसा आहे.

तिरकी कुठे, किती?

पट्टी कोणत्या बाजूला झुकवावी हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही, आणि मग "ब्लाइंड लावूनही घर दिसते" अशी तक्रार येते. नियम सोपा आहे. घर वरच्या मजल्यावर असेल आणि खाली रस्ता असेल, तर पट्टीची बाहेरची कड वर व आतली कड खाली ठेवावी. रस्त्यावरून वर पाहणाऱ्याची नजर पट्टीवर अडते. समोर उंच इमारत असेल आणि वरून डोकावण्याची भीती असेल, तर उलट करावे. बाहेरची कड खाली, आतली वर. अशाने वरून येणारे थेट ऊनही अडते, आणि जमिनीवरून परावर्तित झालेला उजेड छताकडे जाऊन खोलीत मऊ पसरतो.

दिवसाचा आडोसा आणि रात्रीचा आडोसा यांत फरक आहे. रात्री आत दिवा लागला की अर्धवट उघड्या पट्ट्यांतून आतल्या हालचाली बाहेर दिसतात. ज्या घरात पडद्याची पाबंदी आहे, तेथे संध्याकाळी पट्ट्या पूर्ण मिटाव्यात किंवा ब्लाइंडसोबत साधा कापडी पडदाही ठेवावा. दुकानदाराने हे आधीच सांगितले तर गिऱ्हाइकाचा रोष होत नाही आणि पडद्याचे कापडही विकले जाते.

ऊन कुठे अडवावे?

जळगाव, मालेगाव, नागपूरकडे उन्हाळ्याचे ऊन काय असते ते सांगायला नको. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा ठिकाणी पश्चिमेच्या खिडकीला ब्लाइंड लावला की घर थंड होईल, असे विक्रेते सांगतात. ते अर्धेच खरे आहे. ऊन काचेतून आत आल्यावर पट्टीवर पडते, म्हणजे उष्णता आधीच घरात शिरलेली असते. फिक्या रंगाची पट्टी त्यातला काही भाग काचेतून परत बाहेर टाकते, गडद पट्टी तो शोषून स्वतः तापते. म्हणून उन्हाच्या बाजूला पांढरा किंवा फिका रंगच घ्यावा. आणि ज्याला खरोखर उष्णता रोखायची आहे, त्याने काचेच्या बाहेर, गॅलरीत किंवा छज्जाखाली, बांबूची चिक लावावी. बाहेर अडवलेले ऊन घरात येतच नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी चिक बाहेर लावली ती उगाच नव्हे.

माप चुकले की माल गेला

कापड जास्त कापले गेले तर त्याची उशी होते. ब्लाइंड मापाने बनतो, तो दुसऱ्या खिडकीला बसत नाही आणि कारखाना परत घेत नाही. या धंद्यात बहुतेक नुकसान मापातच होते. म्हणून पुढील गोष्टी कारागिराने ध्यानात ठेवाव्यात.

माप पोलादी टेपने घ्यावे. शिंप्याची कापडी टेप वापरून ताणली जाते.

ब्लाइंड चौकटीच्या आत बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी व सर्वांत लहान आकडा धरावा. आपल्याकडच्या गिलाव्यात दोन्ही भिंती समांतर क्वचितच असतात.

चौकटीची खोलीही मोजावी. एक इंची पट्टीला साधारण दीड इंच, तर दोन इंची पट्टीला अडीच ते तीन इंच जागा लागते. खिडकीचा कडीकोयंडा, आत उघडणारी झडप, मच्छरजाळी यांना ब्लाइंड अडतो काय, ते उघडून बंद करून पाहावे.

चौकटीच्या बाहेर, भिंतीवर बसवायचा असेल तर दोन्ही बाजूंना सुमारे तीन इंच आणि वर तीन-चार इंच जास्त धरावे, म्हणजे कडेने उजेड कमी येतो.

कारखान्याला कळवताना हे "चौकटीचे माप" आहे की "तयार मालाचे माप", हे अक्षरांत लिहावे. आतील फिटिंगसाठी कारखाना थोडी सूट कापतो. आपणही कापली आणि त्यानेही कापली, तर दोन्ही कडांना फट राहते.

रुंदी आधी, उंची नंतर, आणि एकक इंच की मिलिमीटर, हेही लिहावे. "४ बाय ५" एवढेच लिहून भागत नाही. त्यात रुंदी चार की पाच, हे समोरच्याला कळत नाही.

दर बहुधा चौरस फुटावर असतो. चार फूट रुंद व चार फूट उंच खिडकी म्हणजे सोळा चौरस फूट. पण लहान खिडकीला अनेक कारखानदार ठराविक किमान चौरस फूट लावतात. मोरीच्या छोट्या खिडकीचा भाव सांगण्यापूर्वी हे विचारून घ्यावे, नाहीतर फरक आपल्या खिशातून जातो.

जीएसटीच्या बिलातही लक्ष द्यावे. कापडाचे पडदे व घरातील कापडी ब्लाइंड ६३०३ या क्रमांकाखाली येतात, तर प्लास्टिकचे ब्लाइंड ३९२५ खाली. माल बदलला की क्रमांक बदलतो. कापडाच्या बिलावर सगळेच चढवू नये, आपल्या हिशेबनिसाला विचारावे.

दोरी : ज्यावर हयगय चालणार नाही

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ब्लाइंडची लोंबती दोरी लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकते. हा कल्पनेतला धोका नाही. अमेरिकेत अशा दोऱ्यांनी अनेक मुलांचे जीव गेले. २००९ च्या डिसेंबरमध्ये तेथे रोमन आणि गुंडाळी पद्धतीचे सुमारे ५ कोटी ब्लाइंड याच कारणाने परत बोलावण्यात आले. २०१८ च्या अखेरीपासून तेथे दुकानात तयार विकल्या जाणाऱ्या ब्लाइंडना दोरी नसावी किंवा ती मुलाच्या हाती लागणार नाही अशी असावी, असे मानक लागू झाले. फास बसायला वेळ लागत नाही, आणि अशा वेळी मुलाच्या तोंडून आवाजही निघत नाही.

तेव्हा घरात लहान मूल असेल, किंवा नातवंडे येत असतील, तर बिनदोरीचा ब्लाइंडच दाखवावा. तो खालची पट्टी हाताने उचलून वर जातो. थोडा महाग पडतो, पण येथे पैशाचा हिशेब करू नये. दोरीचा आधीच लागला असेल तर तीन गोष्टी कराव्यात. दोऱ्यांच्या टोकांना गाठ मारून फास झाला असेल तर तो कापून प्रत्येक दोरी सुटी करावी. भिंतीवर जमिनीपासून निदान पाच फुटांवर खुंटी ठोकून उरलेली दोरी तिच्यावर गुंडाळावी. आणि पाळणा, पलंग, सोफा खिडकीपासून दूर सरकवावा, कारण मूल त्यावर चढूनच दोरी गाठते. उभ्या पट्ट्यांच्या ब्लाइंडची साखळी ताणून भिंतीला पक्की करावी. फिटिंग करणाऱ्या कारागिराने खुंटी बसवल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये.

स्वस्त प्लास्टिकबद्दलही एक इशारा. १९९६ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जाहीर केले होते की बाहेरून आलेल्या काही प्लास्टिक ब्लाइंडमध्ये शिसे आहे, आणि उन्हाने पट्टी झिजली की शिशाची धूळ पृष्ठभागावर जमते. लहान मुले हात तोंडात घालतात. म्हणून बिननावाचा, बिनबिलाचा प्लास्टिक माल केवळ दरासाठी उचलू नये. माल शिसेमुक्त आहे असे पुरवठादाराकडून लिहून घ्यावे.

यात आपल्याला काय काम?

कापडवाल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. चार फुटी पडद्याला चुण्यांसाठी दुप्पट ते अडीचपट रुंदीचे कापड लागते, ब्लाइंडला खिडकीएवढ्याच पट्ट्या पुरतात. शिवाय ब्लाइंडला धूळ फार बसते. चार फूट उंचीत एक इंची पंचावन्नच्या आसपास पट्ट्या येतात, म्हणजे पुसायच्या बाजू शंभरावर. कापडी पडदा काढला आणि धुतला. तेव्हा दोन्हींची जागा वेगळी आहे. ज्याच्या दुकानात दोन्हींचे नमुने आहेत, त्याच्याकडून गिऱ्हाईक परत जात नाही. माल भरून ठेवण्याची गरज नाही. नमुन्याची वही, पोलादी टेप आणि विश्वासू कारागीर एवढ्या भांडवलावर सुरुवात होते.

कारागिरांसाठी तर दुरुस्तीचे काम मोठे आहे. ब्लाइंडची पट्टी सहसा टिकते, आधी तुटते ती दोरी. लोक दोरी तुटली की अख्खा ब्लाइंड भंगारात देतात. वास्तविक खालच्या पट्टीची बुचे काढून गाठ सोडायची, नव्या दोरीचे टोक जुन्याच्या टोकाला जोडायचे, आणि जुनी दोरी ओढत नवी आरपार न्यायची, एवढेच काम. जो मुलगा मागावर तुटलेला धागा सांधू शकतो, त्याला हे एका दिवसात येईल. भिवंडी-मालेगावच्या ज्या घरांत यंत्रमागाचे काम कमी झाले आहे, तेथील तरुणांनी याकडे अवश्य पाहावे. कार्यालये, दवाखाने, शाळा अशा ठिकाणी एका जागी पाच-पंचवीस ब्लाइंड असतात आणि त्यांची देखभाल करणारा माणूस शोधूनही मिळत नाही.

शेवटी धंद्याची जुनी गोष्ट. खिडकीला काय शोभते ते गिऱ्हाईक स्वतः ठरवते. पण कोणत्या भिंतीला ऊन लागते, घरात लहान मूल आहे काय, खिडकी आत उघडते की बाहेर, हे तीन प्रश्न विचारणे विक्रेत्याचे काम आहे. हे प्रश्न विचारून माल विकला तर तक्रार येत नाही, आणि तेच गिऱ्हाईक दुसऱ्याला आपल्या दुकानाचा पत्ता सांगते.