कॅमेरा घेण्यापूर्वी दोन आकडे विचारा

घरातील मंगल प्रसंग जतन करून ठेवावेत ही इच्छा स्वाभाविक आहे. पूर्वी भिंतीवरील एका छायाचित्राने ती भागत असे. पुढे बाप्तिस्मा, लग्न, आजीआजोबांचे बोलणे हे सारे हलत्याबोलत्या चित्रांत साठविणारा कॅमकॉर्डर आला. आपल्या आदिलाबाद, निर्मल व मंचेरियाल भागांतून अनेक कर्ते पुरुष पोटापाण्यासाठी आखाती देशांत गेले. काहींचे नातलग अमेरिकेत आहेत. त्यांच्या सामानातून हे यंत्र घरी येते. ते घेताना किंमत पाहिली जाते, पण ते कोणत्या देशाच्या पद्धतीचे आहे हे क्वचितच विचारले जाते. यास्तव या विषयाची थोडी फोड करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रेल्वेचेच उदाहरण घ्या. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. या शतकाच्या पहिल्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. मीटरगेजचा डबा कितीही भक्कम असो, तो ब्रॉडगेजच्या रुळांवर चालत नाही. दोष डब्याचा नव्हे आणि रुळांचाही नव्हे. मापे जुळत नाहीत एवढेच. व्हिडिओचेही असेच आहे.

पडद्यावर हलणारे चित्र म्हणजे वस्तुतः झरझर दाखविलेली स्थिर चित्रे होत. भारतातील ‘पाल’ पद्धतीत दर सेकंदास २५ चित्रे असतात व प्रत्येक चित्र ६२५ आडव्या रेषांचे. अमेरिका व जपान येथील ‘एनटीएससी’ पद्धतीत सेकंदास सुमारे ३० चित्रे व ५२५ रेषा. फ्रान्सची ‘सेकाम’ ही तिसरी. तिचे माप पालसारखेच, मात्र रंग साठविण्याची रीत निराळी.

हा भेद का पडला? मूळ विजेत आहे. अमेरिकेत विजेची आवर्तने सेकंदास ६०, तर आपल्याकडे ५०. पडद्यावर विजेचे पट्टे सरकू नयेत म्हणून आरंभीच्या तंत्रज्ञांनी चित्रांचा वेग आपापल्या विजेशी जुळवून घेतला. अमेरिकेने १९५३ साली रंगीत एनटीएससीस मान्यता दिली. जर्मनीतील टेलिफुंकेन कंपनीत वाल्टर ब्रुख यांनी पाल पद्धत सिद्ध केली व १९६७ मध्ये तिचे प्रक्षेपण सुरू झाले. भारतात दूरदर्शनचा आरंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. १९८२ मध्ये रंग आले, ते पाल पद्धतीने.

परिणामी अमेरिकेत भरलेली फीत केवळ पाल जाणणाऱ्या संचावर लावली, तर चित्र वरखाली घरंगळे किंवा रंग उडून काळेपांढरे दिसे. फीत शाबूत, संच शाबूत, आणि तरीही लेकीचे लग्न आईला पाहता येऊ नये, ही केवढी खंत!

कोणी म्हणेल, आता सारे अंकीय झाले, नवे संच दोन्ही पद्धती दाखवितात. हे खरे आहे. तथापि २५ व ३० हा भेद अद्याप मिटलेला नाही. आपल्याकडील नळीचे दिवे सेकंदास १०० वेळा मंदतेज होतात. सेकंदास ३० किंवा ६० चित्रांवर लावलेला कॅमेरा त्यांच्या उजेडात वापरला तर चित्र लुकलुकते. अशा वेळी शटरचा वेग एक शतांश सेकंद ठेवल्यास दोष बहुधा जातो. तसेच एकाच लग्नात एक कॅमेरा २५ चा व दुसरा ३० चा असेल, तर दोन्ही चित्रणे जोडताना हालचालीत गचके दिसतात.

म्हणून कॅमेरा जुना असो वा नवा, विकत असो वा भेटीचा, दोन आकडे आधी विचारावेत: सेकंदास चित्रे किती, आणि चार्जर किती व्होल्टचा. यंत्राच्या सूचीत ५० व ६० असे दोन्ही पर्याय असतील तर उत्तम. येथे ५० निवडावे. काही यंत्रांत ही निवडच नसते. मग भारतीय पद्धतीचेच घ्यावे. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले असेल तर तो आपल्या विजेवर चालतो. केवळ १२० असेल तर थेट लावू नये, जळेल. ‘रीजन’ नावाचा आकडा मात्र वेगळा. तो विकत मिळणाऱ्या डीव्हीडींचा असतो, भारताचा ५ व अमेरिकेचा १. घरी भरलेल्या तबकडीस तो नसतो.

सर्वांत निकडीची बाब जुन्या फितींची. फीत वाजविणारी यंत्रे आता दुर्मिळ झाली आहेत; जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनविणे थांबविले. फितीवरील चुंबकी थरही कालांतराने क्षीण होतो. कपाटातील फिती बाहेर काढा. प्रत्येकीवर प्रसंग, साल व ती कोणत्या देशात भरली हे लिहा. संगणकावर उतरवून घेण्यास देताना ‘ही अमेरिकेतील आहे, एनटीएससी चालविणारे यंत्र आहे काय?’ असे स्पष्ट विचारा. उतरविलेल्या चित्रणाच्या दोन प्रती करून दोन घरी ठेवा, आणि नवी प्रत अखेरपर्यंत पाहिल्याखेरीज मूळ फीत टाकू नका.

यंत्र कोठे स्वस्त मिळते याहून त्यातील चित्र कोठे व कोण पाहणार, हा विचार मोठा. दिवंगत आजोबांचा आवाज नातवंडांस ऐकू यावा यासाठी फार खर्च लागत नाही. वेळीच केलेली थोडी चौकशी पुरते.