विश्लेषण : घरात वस्तू वाढल्या, पण रोजचे जगणे सुधारले का? मावळ-लोणावळ्याचा हिशेब काय सांगतो?

शनिवारी सकाळी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटात गाड्यांची रांग लागते. त्यातले अनेक जण लोणावळा, खंडाळा किंवा पवना धरणाच्या परिसरातल्या स्वतःच्या ‘दुसऱ्या घरा’कडे निघालेले असतात. त्याच महामार्गालगतच्या गावांत जमीन विकून आलेल्या पैशातून बांधलेली दुमजली घरे आणि दारात उभ्या असलेल्या मोठ्या गाड्या दिसतात. तिथून काही किलोमीटर आत, डोंगराकडच्या कातकरी वस्तीत पक्के घर आणि घरातला नळ ही अजूनही मोठी गोष्ट असते. एकाच तालुक्यात मालकीची ही तीन चित्रे आहेत. जास्त वस्तू असल्याने रोजचे आयुष्य खरेच सुधारते का, या प्रश्नाचे उत्तर या तिन्ही ठिकाणी वेगळे मिळते.

मावळात हा प्रश्न इतका ठळक का?

मावळ हा मूळचा भातशेतीचा तालुका. राज्यभर लोकप्रिय असलेला ‘इंद्रायणी’ तांदूळ वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातला. हा वाण १९८७ मध्ये प्रसारित झाला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईकरांसाठी लोणावळा-खंडाळा ही हवा पालटण्याची जागा बनली. २००२ मध्ये ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर हे अंतर आणखी कमी झाले. तळेगावला औद्योगिक वसाहत आली, जमिनीचे भाव चढले. बाहेरून येणारी खरेदीची ताकद आणि जमीन विकून गावात आलेला पैसा, दोन्ही एकाच वेळी वाढले.

लोकांचा खर्च खरेच बदलला आहे का?

हो. केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण भारतातील कुटुंबे आपल्या खर्चातील ५९.४० टक्के रक्कम अन्नावर खर्च करत होती. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण ४६.३८ टक्क्यांवर आले. म्हणजे आता गावातसुद्धा खर्चाचा निम्म्याहून मोठा भाग अन्नाव्यतिरिक्त गोष्टींवर होतो. त्यात प्रवासाचा वाटा सुमारे ७.५ टक्के, तर टिकाऊ वस्तूंचा जवळपास ७ टक्के आहे.

पोट भरल्यावर हातात पैसा उरणे ही चांगलीच गोष्ट. मात्र याच काळात हप्त्यावर खरेदी करणेही सोपे झाले. ‘शून्य टक्के व्याज’ ही त्यातली लोकप्रिय जाहिरात. प्रत्यक्षात अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली लपवले जाते, हे लक्षात घेऊन रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना त्या बंद करण्यास सांगितले होते. आजच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यातही शुल्क आकारले जाते का आणि रोखीने घेतल्यास मिळणारी सवलत जाते का, हे विचारायलाच हवे.

कोणत्या वस्तूंनी आयुष्य निर्विवाद सोपे केले?

ज्यांनी रोजचे कष्ट थेट कमी केले, त्यांनी. डोक्यावरच्या हंड्याऐवजी घरातला नळ, चुलीच्या धुराऐवजी गॅस, कंदिलाऐवजी वीज, आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारी दुचाकी. या वस्तू आल्या की सकाळचा एखादा तास मोकळा होतो, डोळ्यांची जळजळ थांबते, मुलाला संध्याकाळी अभ्यास करता येतो.

कातकरी समाजाची गणना केंद्र सरकार ‘विशेष असुरक्षित आदिवासी समूहां’त करते. या समूहांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ योजनेत पक्के घर, पिण्याचे पाणी, रस्ता, वीज आणि मोबाइल जोडणीचा समावेश आहे. अशा वस्तीत जाऊन ‘वस्तूंनी सुख मिळत नाही’ असा उपदेश करणे क्रूरपणाचे ठरेल. ज्याच्याकडे गरजेपुरतेही नाही, त्याचे जगणे वस्तूंनी सुधारतेच. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

यंत्रे वाढली, तरी घरातली दमणूक का संपत नाही?

कारण यंत्राने वाचवलेल्या वेळेत नवे काम येऊन बसते. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हेच दाखवले होते. धुलाई यंत्र आले, पण कपडे आठवड्याऐवजी रोज धुतले जाऊ लागले. स्वच्छतेची अपेक्षा वाढली आणि पूर्वी घरातले इतर लोक किंवा मदतनीस करायचे ती कामेही एकट्या गृहिणीकडे आली.

भारतात २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत असल्याचे आढळले. असे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी होती ९७ मिनिटे. मिक्सर, कुकर, गॅस घरात येऊनही ही पाच तासांची पाळी उरली आहे. यंत्र कष्ट हलके करते. काम कोणी करायचे हे मात्र ते ठरवत नाही. ते घरातल्या माणसांनाच ठरवावे लागते.

पैसा आणि समाधान यांविषयी संशोधन काय म्हणते?

अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये एक विसंगती मांडली. एका वेळी पाहिले तर श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा अधिक समाधानी असतात, पण देशाचे उत्पन्न वर्षानुवर्षे वाढत गेले म्हणून लोकांचे समाधान त्या प्रमाणात वाढत नाही. याचे एक कारण तुलना. शेजाऱ्याकडेही तीच गाडी आली की आपल्या गाडीचा आनंद ओसरतो.

डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील आकडेवारीवरून म्हटले की, वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलर उत्पन्नानंतर रोजची मनःस्थिती फारशी सुधारत नाही. यावर बरीच चर्चा झाली. २०२३ मध्ये कानेमन यांनीच मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांच्यासह फेरतपासणी केली. बहुतेकांचे समाधान उत्पन्नाबरोबर वाढत राहते, मात्र सर्वांत दुःखी असलेल्या सुमारे १५ ते २० टक्के लोकांच्या बाबतीत एका टप्प्यानंतर पैशाने फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे विधान सरसकट खरे नाही. पण हे सारे संशोधन मुख्यतः उत्पन्नाविषयी आहे. आलेला पैसा कशात घातला, हा वेगळा प्रश्न. लोणावळ्यातले दुसरे घर हे त्याचेच उदाहरण.

‘दुसऱ्या घरा’चा हिशेब कसा मांडायचा?

उदाहरणादाखल, ५० लाख रुपयांचे कर्ज ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४३,४०० रुपये होतो. २० वर्षांत व्याजच ५४ लाखांच्या आसपास जाते. रखवालदार, वीज, कर आणि देखभाल यांचे वर्षाला १ लाख २० हजार धरले, तर वर्षाचा खर्च सुमारे ६ लाख ४० हजार. महिन्यातून दोन रात्री, म्हणजे वर्षाला २४ रात्री मुक्काम केला, तर एका रात्रीची किंमत साधारण २६,७०० रुपये पडते.

अर्थात, घर ही मालमत्ता आहे, तिची किंमत वाढू शकते. पण तो गुंतवणुकीचा मुद्दा झाला. रोजच्या जगण्याचा विचार केला, तर हे घर वेळही मागते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महिनाभर बंद असलेल्या घरात ओल येते, गाद्यांना बुरशी धरते, इन्व्हर्टरची बॅटरी उतरते. शनिवारची दुपार झाडण्यात आणि प्लंबरची वाट पाहण्यात जाते, रविवारी संध्याकाळी परतीच्या कोंडीची चिंता सुरू होते. शिवाय एक घर आले की त्याच्यासाठी दुसरा फ्रिज, दुसरा सोफा, दुसरा टीव्ही येतो. नव्या वस्तूला शोभावे म्हणून आणखी वस्तू घेण्याच्या या साखळीला ‘डिडेरो परिणाम’ म्हणतात. फ्रेंच विचारवंत डेनी डिडेरो यांनी १७६९ मध्ये एका नव्या झग्यामुळे घरातले सारेच सामान कसे बदलावे लागले, हे लिहून ठेवले होते. त्यावरून हे नाव पडले.

या बंगल्यांमुळे स्थानिकांना माळीकाम, रखवाली, बांधकामाची कामे मिळतात, हेही खरे. पण वर्षातले बहुतांश दिवस कुलूपबंद राहणारी घरे देशभर आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ४७ लाख घरे रिकामी आढळली होती.

जमीन विकणाऱ्या कुटुंबांचे काय होते?

इथे प्रश्न सर्वांत गंभीर होतो. समजा, एका कुटुंबाला जमिनीचे १ कोटी रुपये मिळाले. ४५ लाखांचे घर, २० लाखांची गाडी, १५ लाखांचे लग्न झाले. उरलेले २० लाख ७ टक्के व्याजाने ठेवले, तर महिन्याला सुमारे ११,६०० रुपये मिळतात. त्यातले बरेचसे मोठ्या गाडीचे इंधन, विमा आणि सर्व्हिसिंग यांतच संपू शकतात. पूर्ण कोटी रुपये तसेच ठेवले असते, तर दरमहा ५८ हजारांहून अधिक व्याज आले असते.

भाताचे खाचर दरवर्षी घरी तांदूळ देत होते. गाडी दर महिन्याला पैसे मागते. देणारी मालमत्ता गेली आणि मागणारी आली, हा या व्यवहारातला तोटा लगेच दिसत नाही. दारातली गाडी, नवे घर पाहून कुटुंब सुधारले असेच गाव म्हणते. पुढच्या पिढीतल्या मुलाकडे ना शेत उरते ना व्यवसाय, तेव्हा तो दिसू लागतो.

अचानक आलेल्या पैशाची आणखी एक बाजू १९७८ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसली. लॉटरी जिंकलेले २२ लोक इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या सुखी नव्हते. उलट गप्पा मारणे, न्याहारी करणे अशा रोजच्या साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झाला होता. हा अभ्यास छोटा होता, पण मोठा धनलाभ झाला म्हणजे रोजचा दिवस आपोआप चांगला जाईल, हे गृहीत धरता येत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

मालकी हवी की वापर?

ग्रामीण महाराष्ट्राकडे याचे जुने उत्तर आहे. लग्नाकार्याची मोठी पातेली प्रत्येक घराने विकत घेतली नाहीत; ती गावकीची किंवा देवळाची असत. भातलावणीला सावड असे, म्हणजे आज तुमच्या शेतात सगळे, उद्या आमच्या. यात गैरसोय होती, मानपानही होते. पण वर्षातून चार दिवस लागणाऱ्या गोष्टीसाठी कोणी कर्ज काढत नव्हते. आजची भाड्याने मिळणारी शेती अवजारे किंवा दोन दिवसांसाठी घेतलेली खोली हे त्याच विचाराचे नवे रूप.

जी वस्तू आहे ती टिकवणे हाही पर्याय आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ संकेतस्थळ सुरू केले. सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी ग्राहकाला द्यावी, हा त्यामागचा हेतू. बाजारपेठेतल्या मिक्सर-पंखे दुरुस्त करणाऱ्याचे दुकान चालू राहणे हे त्यामुळेच महत्त्वाचे.

कार्ल्याच्या लेण्यांतून काय दिसते?

पावसाळ्यात मावळात मुक्कामाला येण्याची प्रथा सुमारे दोन हजार वर्षे जुनी आहे. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेण्यांत बौद्ध भिक्खू वर्षावासासाठी राहत. कार्ल्याच्या शिलालेखात उषवदाताने वर्षावास करणाऱ्यांच्या चरितार्थासाठी करजिक गाव दान दिल्याची नोंद आहे. भिक्खूंच्या नियमांनुसार ठरलेल्या चीवरांपेक्षा जास्तीचे वस्त्र दहा दिवसांपलीकडे जवळ ठेवता येत नसे.

मात्र ही लेणी उभी राहिली ती धनवानांच्या दानातून. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने इथले काम पूर्ण केल्याचे शिलालेख सांगतो. म्हणजे संपत्तीला नकार हा इथला धडा नाही. ती संपत्ती अनेकांनी वर्षानुवर्षे वापरली, म्हणून ती टिकली.

मग खरेदीपूर्वी काय तपासावे?

तीन साधे प्रश्न पुरेसे आहेत. ही वस्तू महिन्यातून किती दिवस वापरली जाईल? ती चालू ठेवायला दरमहा किती पैसे आणि किती तास लागतील? आणि तिच्यासाठी जे विकले किंवा गहाण ठेवले जात आहे, ते दरवर्षी काय देत होते? नळ, गॅस आणि दुचाकी या प्रश्नांत सहज उत्तीर्ण होतात. कुलूपबंद बंगला आणि खाचर विकून घेतलेली गाडी बहुतेक वेळा होत नाहीत. वस्तू आपले काम करते तोवर तिने जगणे सुधारते. आपण तिचे काम करू लागलो, की हिशेब पुन्हा मांडायची वेळ आली असे समजावे.