समुद्रातला मासा मोजायचा कसा?

आजचा प्रश्न वरच्या मथळ्यातलाच. उत्तर सोपं आहे: बंदरावर उभं राहून.

केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेचे, म्हणजे सीएमएफआरआयचे, सर्वेक्षक ठरलेल्या दिवशी बंदरावर येतात. किती होड्या लागल्या ते मोजतात. त्यातल्या काही निवडून कुठलं म्हावरं किती आलं ते लिहितात, माशांची लांबीही घेतात. त्यावरून महिन्याचा, मग राज्याचा अंदाज निघतो. मी सॉफ्टवेअरवाला, आमच्याकडे याला सॅम्पलिंग म्हणतात.

आपल्या वसई-अर्नाळ्याला याचं काय? इथे बोंबील-जवळ्यासाठी डोळ लावतात. तिचा आस बारीक, त्यामुळे पापलेटची पिल्लंही अडकतात. नुसत्या वजनात हे कळत नाही, लांबी मोजली की कळतं. अशाच नोंदींच्या आधारे राज्यात ५४ जातींना किमान आकार ठरलाय. २०२३ मध्ये राज्यमासा झालेल्या पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे.

आता मेख बघा. निवडलेली एक होडी बाकीच्या होड्यांच्या वतीने बोलते. तिथे आकडा चुकला, की चूक गुणली जाते आणि नियम सगळ्यांनाच लागतो. म्हणून घरी होडी असेल तर सर्वेक्षकाला खरं तेच सांगा.

चला, भेटू पुढच्या भागात!